सोललेल्या कोपऱ्याचा गोलरक्षक

बाइंडरकाकांचा दूधवाल्यावर विश्वास नव्हता, डॉक्टरवर नव्हता, आणि जावयावर तर मुळीच नव्हता. जन्मभर पुस्तकं बांधलेला हा माणूस, कागद तेवढा आपल्याशी खोटं बोलत नाही म्हणायचा.

म्हणून खेळाडूंची जुनी कार्डं हाच त्यांचा गोतावळा. पिवळट, कोपरे झिजलेली, पोरांच्या खिशांतून फिरून आलेली. नाद जावयालाही होता, पण नव्या कार्डांचा. चकचकीत, हात न लागलेली. "ज्याला कुणी हातच लावला नाही ते कार्ड कसलं?" काका टोमणा मारत. जावई हसून सोडून देई. ते हसणंही काकांना खटके.

त्यांच्याकडे एका गोलरक्षकाचं कार्ड होतं. थोरला भाऊ गेला, त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं. जावयानं ते तपासणीला पाठवायचं सुचवलं. अस्सल ठरलं की कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देतात. लेकीनं गळ घातली म्हणून काकांनी मनावर दगड ठेवून दिलं.

डबी परत आली आणि काकांच्या मनात पाल चुकचुकली. कार्ड फारच उजळ दिसत होतं. अस्सल असल्याचा शिक्का होता, पण शिक्का काय, कुणीही मारतं. वास घ्यावा तर मध्ये प्लॅस्टिक. जावयानं चहा पुढे केला तरी त्यांना वाटे, कुठंतरी पाणी मुरतंय. यानं कार्ड बदललं.

एका दुपारी घरात कुणी नाही असं पाहून त्यांनी पक्कडीनं डबी फोडली. जुन्या पुठ्ठ्याचा मधला थर करडा असतो, नकलेचा पांढरा. पण बघायचं तर कोपरा सोलावा लागतो. त्यांनी सुरी लावली.

थर करडा निघाला. काका हरखले, आणि मग त्यांना गोलरक्षकाचा पंजा सालीबरोबर आलेला दिसला.

जावई दारात उभा होता.

"डबीत सगळंच उजळ दिसतं, बाबा. मला विचारायचं होतंत."

"तुम्ही खरं सांगितलं असतंत, कशावरून?"

जावई खाली बसून प्लॅस्टिकच्या कपच्या वेचू लागला. काका अनवाणी होते.

"पाय हलवू नका, टोचेल," तो म्हणाला.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.