पोत्याच्या तळाचं धान

तुळसाबाईंचं बोट माझ्या गाडीच्या दारात चेंगरलं. चेंगरलं म्हणजे मीच चेंगरलं. मागे न बघता दार लोटलं. पण तोंडातून निघालं भलतंच, "वारा बघा किती सुटलाय!" मे महिन्यातली तुमसरची दुपार ती. झाडाचं पान हलत नव्हतं.

आणि बोट तरी कुठलं? उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. तुळसाबाई राइस मिलच्या फाटकात धान पारखतात. चिमटीत दाणा चोळून ओल सांगतात. यंत्रही मग तेवढीच दाखवतं, म्हणून मालकाचा यंत्रावर विश्वास आहे. पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढतात, तोही तळातून. म्हणतात, "वरचं धान सारेच चांगलं भरतात, गुरुजी."

बोट गेलं तर हे काम गेलं.

तिसऱ्या दिवशी बोटाचं टोक काळं पडलं. नागपूरच्या चकचकीत दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "शंभर टक्के वाचवतो." भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "वरचं पेर आजच काढू. थांबलो तर अख्खं बोट जाईल." दोघांनाही मी न विचारता सांगून टाकलं, की दार वाऱ्याने लागलं. माझं मत अर्थातच शंभर टक्क्यांना. बोट वाचलं असतं, तर मीही सुटलो असतो.

तुळसाबाईंनी दोघांना एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या हातून कोनाचं बोट बिघडलं का जी?"

नागपूरचे हसले. "आजवर एकही नाही, मावशी."

भंडाऱ्याच्यांनी पेन खाली ठेवलं. मीच खुर्चीत अवघडलो. मग ते म्हणाले, "एका गवंड्याचं. वाचेल म्हणून मी चार दिवस थांबलो. मग अख्खं काढावं लागलं."

तुळसाबाईंनी हात टेबलावर ठेवला. "काढा."

तीस वर्षं मी पोरांचे पेपर तपासले. डॉक्टरचाही असा तपासता येतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दिवाळीनंतर नवं धान आलं. मी मिलवर गेलो. त्या आखूड बोटाने बाईंनी दाणा चोळला. जरा जास्तच वेळ चोळला. मी यंत्राकडे बघत उभा.

"ओल सतरा."

यंत्रातही सतराच. हात आपोआप जोडले गेले माझे. म्हटलं, "बाई, आपलंच बोट कापायला निघालेल्या माणसावर विश्वास टाकायचा म्हणजे वाघाचं काळीज पाहिजे! त्याच्यात असं काय दिसलं तुम्हांला?"

नळी पुढच्या पोत्यात खुपसत त्या म्हणाल्या, "त्यानं आपली चूक सांगतली, गुरुजी, तुम्ही तं अजून वाऱ्यालेच बोल लावून राहिले."