ज्ञानूचं पान

परदेशात, चँडलरच्या उन्हात घरामागच्या भिंतीवर केळीचं पान मांडून कावळ्याची वाट बघणारा माणूस एकच, त्र्यंबककाका. येतात ते लांब शेपटीचे काळे पक्षी. काका म्हणायचे, "कावळ्यांनी तरी व्हिसा कुठून काढायचा? यांच्यावरच भागवू."

सर्वपित्री अमावस्येला पहिलं पान ज्ञानूचं, मग घरच्यांचं, ही काकांच्या वडिलांची, आबांची शिस्त. महायुद्धात आबा आणि त्यांचा फौजेतला मित्र ज्ञानू इटलीत कैदी होते. दोघे छावणीतून पळाले आणि स्वित्झर्लंड गाठायला डोंगर चढू लागले. बर्फात ज्ञानूचे पाय गेले. आबांनी त्याला मेंढपाळाच्या खोपटात निजवलं, आपलं कांबळं त्याच्यावर घातलं आणि सांगितलं, "माणसं घेऊन येतो, हलू नकोस." आबा पलीकडे पोचले खरे, पण मागची वाट बर्फाने बुजली. गावी परतल्यावर त्यांनी ज्ञानू गेला असं सांगितलं. त्याला मागे कुणी नव्हतं, म्हणून पान आबांनीच वाढलं.

आबा वारले तेव्हा दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. मुलांनी आईला सांभाळू म्हटलं, जमीन विकणार नाही म्हटलं. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा शिववला. आबांचं नेमकं काय राहिलं, हे काकांना पंचेचाळीस वर्षं सलत होतं. आपले डोळे मिटण्याआधी तेवढं कळायला हवं होतं.

यंदा नात आन्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्या डोंगरातल्या गावाला ईमेल केली. अमावस्येच्या सकाळीच तिथल्या एका म्हातारीचं उत्तर आलं.

"आजोबा, ज्ञानू तेव्हा मेला नव्हता. शेफर्ड्सना सापडला. दोन्ही पाय कापावे लागले, पण जगला. तिथेच, नाइन्टीन फिफ्टी-टूपर्यंत. त्याची कबर अजून तिथे आहे."

"मग घरी का नाही आला?"

आन्याने पुढची ओळ वाचली. "वॉर संपल्यावर त्याला न्यायला आर्मीची गाडी आली होती. तो गेला नाही. म्हणाला, माझा मित्र येणार आहे, त्याने हलू नको म्हणून सांगितलंय."

काकांनी बोटांवर वर्षं मोजली. म्हणजे आबांनी वाढलेली पहिली सात पानं जिवंत माणसाची होती. श्राद्ध घातलेल्या माणसाला शोधायला कोण जातं? त्यांना आबांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

त्या दुपारी ज्ञानूचं पान पक्ष्यांनी साफ केलं. आबांचं तसंच राहिलं. काका गुडघे धरून उठले आणि भिंतीपाशी जाऊन त्यांनी हात जोडले.

"आबा, ज्ञानूला आणायला मी जातो."

एक पक्षी आबांच्या पानावर उतरला. काका तिथेच उभे राहून रडले. हे एक वाक्य तेव्हा नदीवर कुणालाच सुचलं नव्हतं.