एलादिओ न्हाव्याचा सौदा

बाराओना गावात ज्याला दुसरं काही जमत नाही, तो बेसबॉलचा संघ चालवतो. खरा संघ नव्हे. खऱ्या संघाला मालक लागतो, मैदान लागतं, खेळाडूंचे पगार वेळेवर द्यावे लागतात. हा संघ एलादिओ न्हाव्याच्या दुकानात दुपारनंतर चालायचा आणि त्याला फक्त तोंड लागायचं. तोंडाची ददात आमच्या गावात कधीच नव्हती.

दुकान समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, आणि भिंतीला लागून एक लांब बाक. बाकावर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, पण ते रोज यायचे. ऑक्टोबरात मोसम सुरू झाला की आपल्या गावच्या ‘खेकडे’ नावाच्या खऱ्या संघाला शिव्या घालायच्या आणि डिसेंबर उजाडला की खेळाडूंची अदलाबदल करायची. नाताळच्या आधीच्या शनिवारपर्यंत संघांना आपापसात खेळाडू देता-घेता येतात, मग दार बंद. तेवढ्या दिवसांत या बाकावर जे सौदे होत ते ऐकून देवानंसुद्धा कानात बोटं घातली असती. चिचो नावाचा एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. त्याच्या घरातला नळ दोन वर्षं गळत होता, तो त्याला बदलता आला नाही. पण संघाचे मैदानाच्या टोकाला उभे राहणारे तिन्ही आउटफिल्डर तो एका दमात बदलून टाकायचा.

या सगळ्यांचा म्होरक्या एलादिओ. साठी उलटलेला, विधुर, अंगानं काटकुळा आणि मतांनी जाडजूड. बोलताना रिकामी कात्री हवेत वाजवायची त्याला खोड होती. मुद्दा जितका पोकळ तितकी कात्री जोरात. चाळीस वर्षांत त्यानं शेकडो खेळाडू विकले, घेतले, हाकलले, पण खऱ्या संघानं त्याचं एकदाही ऐकलं नाही. त्यामुळे तो कधी चुकीचा ठरला नाही आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

त्याचा एक नियम होता. कुणी म्हणालं की दोन पोरं आणि चेंडू झेलणारा एक कॅचर देऊन चेंडू फेकणारा अमका मोठा पिचर आणावा, की एलादिओची कात्री थांबायची. गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं सोडून तो बाकाकडे वळायचा. “तीन देऊन एक घेणारा गाढव. आणि तो एक मोडला म्हणजे? मग चार पायांचं गाढव.” हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की बाक त्याच्याबरोबर म्हणायचा.

दुकानाच्या मागे अंगण आणि अंगणापलीकडे दोन खोल्या. तिथं त्याची एकुलती लेक योकास्ता, जावई विल्किन आणि चार वर्षांची नात मारिएल अशी तिघं राहायची. एलादिओचं आयुष्य म्हणावं तर ते त्या दोन खोल्यांत होतं. दुकानात नुसता आवाज होता. संध्याकाळी खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकून तो मारिएलला वर बसवायचा आणि तिच्या कुरळ्या केसांतला गुंता एकेक बट धरून सोडवायचा. तेवढा वेळ कुणी खेळाडूंचा विषय काढला तर त्याला ऐकूच यायचं नाही. नात म्हणजे त्याचा जीव की प्राण होती. त्याला तिच्याशिवाय जगता आलं नसतं, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एक त्यालाच सोडून.

आणि विल्किन पेगेरो म्हणजे खेकड्यांचा दुसऱ्या बेसची जागा राखणारा खेळाडू. बरीच वर्षं तिथं उभा होता. तरुणपणी अमेरिकेत खालच्या दर्जाच्या संघांत खेळून परत आला, आता तिशी ओलांडली होती, पाय जड झाले होते. स्वभावानं गरीब. गावातला सामना असला की सकाळी सासऱ्याच्या खुर्चीत बसून दाढी करून घ्यायची हा त्याचा नेम. दुसऱ्या कुणाचा वस्तरा त्यानं गालाला लावून घेतला नाही.

त्या डिसेंबरात शेवटच्या डावात एक सोपा चेंडू विल्किनच्या हातमोज्यातून निसटला आणि खेकडे हरले. दुसऱ्या दिवशी बाक भरगच्च. सगळ्यांना एकच विषय बोलायचा होता आणि कुणीही बोलत नव्हतं. शेवटी तुलिओनं तोंड उघडलं. हा तुलिओ मासे विकायचा, जन्मानं बाराओनाचा, पण पाठीराखा ला वेगा शहराच्या ‘कोंबडे’ संघाचा. केवळ एलादिओला चिडवता यावं म्हणून त्यानं तो संघ धरला असावा असं माझं मत आहे.

“आज पिचर विका, कॅचर विका,” तुलिओ म्हणाला. “दुसऱ्या बेसला मात्र हात लावू नका बरं का. तो एलादिओ मास्तरांच्या घरचा माल आहे.”

बाक हसला. एलादिओ हसला नाही. घरचा म्हणून आपण कुणाला झाकतो हे त्याच्या वर्मी लागलं. बायको गेली तेव्हासुद्धा इतकं लागलं नसेल, असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण त्या दिवशी त्याचा चेहरा पाहिला असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता.

गावात दुपारी रेडिओवर रामिरो नावाच्या इसमाचा कार्यक्रम असतो. लोक फोन करून सौदे सुचवतात. कुणी स्वतःचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर दुसऱ्या दिवशी खेळाडूची आई बाजारात गाठते. एलादिओनं दुकानाच्या मागच्या दाराशी जाऊन फोन लावला आणि आवाज जाड करून ‘टेकडीवरचा एक निःपक्षपाती प्रेक्षक’ म्हणून बोलू लागला. विल्किन पेगेरोचे दिवस भरले, त्याला ला वेगाला देऊन त्यांचा डावखुरा पिचर ब्रितो आणावा, एकाला एक, स्वच्छ सौदा. भावनेच्या आहारी जाऊन संघ चालत नसतात. हे सगळं तो बोलत होता आणि दुसऱ्या हातातली कात्री कचाकच वाजत होती. अख्ख्या गावानं ती ऐकली आणि टेकडीवर कुणी न्हावी राहत नाही हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

तो दुकानात परतला तेव्हा बाक त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होता की जणू त्यानं देशासाठी रक्त सांडलंय. चिचो म्हणाला, याला म्हणतात माणूस. तुलिओनंही मान डोलावली. एलादिओनं छाती फुगवली आणि एका गिऱ्हाइकाचे कल्ले वरखाली कापले.

गावातल्या पुढच्या सामन्याच्या सकाळी विल्किन नेहमीसारखा आला, खुर्चीत बसला, मान मागे टाकली. बाकावरचे सगळे एकदम बाहेरचा रस्ता बघू लागले. एलादिओनं साबण फासला, वस्तरा लावला.

“मामा,” विल्किन डोळे मिटूनच म्हणाला, “तो ब्रितो खरंच एवढा चांगला आहे का हो?”

एलादिओचा हात थांबला. दुकान रिकामं असतं तर तो काहीतरी वेगळं बोलला असता. जावई म्हणून नव्हे, पण रोज अंगणापलीकडून मासळीचा रस्सा पाठवणाऱ्या माणसाला बोलावं तसं. ‘मी मूर्ख आहे रे’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण बाकावर तुलिओ बसला होता, चिचो बसला होता, आणि त्या टिनपाटांपुढे चाळीस वर्षांची इज्जत राखायची होती.

“चांगला आहे,” एलादिओ म्हणाला. “आपल्याकडे डावखुरा नाहीच कुणी.”

“आणि दुसऱ्या बेसवर?”

“तरुण पोरं पुष्कळ आहेत. तू मनावर घेऊ नकोस. सोयरीक वेगळी, संघ वेगळा.”

“तेही खरंच,” विल्किन म्हणाला आणि दुसरा गाल पुढे केला. जाताना रोजच्यासारखा सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

तो तिथून थेट संघाच्या कचेरीत गेला. कचेरीतल्यांच्या डोक्यात त्याला काढायचा विचार स्वप्नातसुद्धा नव्हता. हे पुढे त्यांनीच गावभर सांगितलं. विल्किननं स्वतः मागून घेतलं. मला ला वेगाला द्या म्हणाला. कोंबडेवाले एका पायावर तयार झाले. शिवाय मोसम संपल्यावर त्यांच्या प्रशिक्षण शाळेत पोरांना शिकवायचं वर्षभराचं काम आणि राहायला घर. बदल्यात ब्रितो.

बातमी रेडिओवर आली तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि मग जो गिल्ला झाला! चिचोनं कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड बिअर मागवली, छोट्या प्लास्टिकच्या पेल्यांतून सगळ्यांना वाटली. चाळीस वर्षांत बाकानं केलेल्या सौद्यांपैकी पहिलाच खरा झाला होता आणि तो जसाच्या तसा एलादिओचा होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, त्याला मॅनेजर म्हणत होते. आणि हा बाबा लग्नातल्या नवरदेवासारखा लाजत होता! त्याला अजून काही कळलंच नव्हतं.

योकास्ता अंगणाकडच्या दारातून आत आली. हात ओले होते, ते तिनं कपड्याला पुसले.

“बाबा, आम्ही शनिवारी निघतोय,” ती म्हणाली.

“आम्ही म्हणजे? त्यानं जावं ना. जानेवारीत मोसम संपला की येईल परत.”

“तिथं वर्षाचं काम आहे त्याला. घर देतायत. मारिएलचं नाव तिकडच्या बालवाडीत घालायचंय.”

“मला कुणी विचारलंसुद्धा नाही.”

“तुम्हीच तर सांगितलंत, रेडिओवर. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत रेडिओ लागला होता. तुमची कात्री ऐकून आधी सगळी पोरं हसली. मग याच्याकडे बघून गप्प झाली. घरी येऊन त्यानं मला हे सांगितलं आणि जेवला नाही.”

एलादिओनं बाकाकडे पाहिलं. बाकावरचे सगळे पेल्यातल्या फेसात काहीतरी शोधत होते. “मी विल्किनबद्दल नाही बोललो, पोरी,” तो म्हणाला. “मी दुसऱ्या बेसबद्दल बोललो.”

“त्या दुसऱ्या बेसला रात्री मी जेवायला वाढते, बाबा,” योकास्ता म्हणाली. ती भांडली नाही, रडली नाही. पेला घेणार का म्हणून चिचोनं मूर्खासारखं विचारलं, त्याला नको म्हणाली आणि परत अंगणात गेली.

शनिवारी एका उघड्या टेम्पोत गाद्या, डुलती खुर्ची आणि गॅसची शेगडी चढली. विल्किननं सासऱ्याला मिठी मारली, जपून राहा म्हणाला. अढी नाही, टोमणा नाही. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर एलादिओला बरं वाटलं असतं. मारिएलनं विचारलं की तिकडे आपले केस कोण विंचरणार. एलादिओनं तिची एक बट कानामागे सारली. सगळ्या गोष्टींवर मत असलेला माणूस तो! टेम्पो उत्तरेकडे वळल्यावर त्यानं फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि दुकान उघडलं, कारण दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

आणि आता ऐका. ब्रितो चांगला निघाला. नुसता चांगला नव्हे, सोन्याचा निघाला. डाव्या हातानं त्यानं एकेका संघाला रडवलं आणि खेकडे शेवटच्या चारांत गेले. बाकाला तर वेडच लागलं. गल्लीगल्लीत एलादिओचं नाव झालं. अनोळखी माणसं मुद्दाम केस कापायला येऊ लागली. ब्रितोनं स्वतः येऊन हात मिळवला. एलादिओ आयुष्यात पहिल्यांदा पुराव्यासकट बरोबर ठरला होता.

मागच्या दोन खोल्यांना कुलूप होतं. लेकीचा फोन रविवारी यायचा आणि नीट यायचा. सगळं बरं आहे, इकडे रात्री थंडी असते, मारिएलला शाळा आवडली. कोंबड्यांचा सामना टीव्हीवर असला की एलादिओ पडद्याच्या अगदी जवळ जायचा. एकदा विल्किनचा चेहरा मोठा करून दाखवला. त्याची मिशी कुणीतरी वाकडी कापली होती. एलादिओनं टीव्ही बंद केला. सामना रंगात आला होता आणि बाकानं बोंब ठोकली, पण त्यानं परत लावला नाही.

जानेवारीच्या अखेरीस राजधानीतला एक पाहुणा खुर्चीत बसला. गुळगुळीत माणूस, मनगटावर जाड घड्याळ, बोलण्यात मेहेरबानी. त्यानं या प्रसिद्ध न्हाव्याबद्दल ऐकलं होतं. बाकाकडे बघत तो म्हणाला की गेल्या कित्येक वर्षांत असा नेमका सौदा लीगमध्ये झाला नाही. एक थकलेला खेळाडू दिला आणि एक ताजा आणला. एकाला एक, आणि तोही फायद्यात. बाक खूष झाला, जणू त्यानंच विल्किनला टेम्पोत चढवलं होतं.

कात्री वाजायची थांबली.

“एकाला एक नव्हता तो, साहेब,” एलादिओ म्हणाला. “तीन दिले. आणि एक घेतला.”

पाहुण्याला काही उमगलं नाही. दुसरे दोघं कोण, असं त्यानं विचारलं. मग त्यानं आरशातून बाकाकडे पाहिलं. तुलिओ तिथंच होता. असा सोपा चेंडू एलादिओनं त्याला उभ्या आयुष्यात टाकला नव्हता. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. ‘तीन देऊन एक घेणारा’ याच्या पुढचा शब्द बाकावरच्या प्रत्येकाला पाठ होता आणि कुणीही तो उच्चारला नाही.

तेव्हा एलादिओनं कात्री परत उचलली आणि तो शब्द स्वतःच म्हटला.