संत्र्यावरचं हिरवं लेबल

निवृत्त प्राध्यापकाला लोक दोनच कामांसाठी बोलावतात. सत्काराला अध्यक्ष म्हणून, नाहीतर फुकटचा तपासनीस म्हणून. माझ्या वाट्याला दुसरं आलं. अमरावतीच्या एका संस्थेनं संत्र्यासाठी हिरवं लेबल काढलं होतं. किडी मोजायच्या, सापळे लावायचे, किडी खाणारे ढालकिडे सांभाळायचे आणि अगदीच हाताबाहेर गेलं तरच औषध मारायचं, अशा बागेला ते मिळणार होतं. अकोल्यात मी तीस वर्षं हेच शिकवलं, म्हणून परीक्षक मी. लेबलाचा हिरवा रंग किती गडद असावा यावर आमच्या समितीच्या तीन बैठका झाल्या. तपासणीचा फॉर्म चहा येईपर्यंत मंजूर झाला.

पहिलीच बाग मोर्शीजवळच्या एका बाईंची. नवरा एसटीत कंडक्टर, शेती सगळी यांच्या हातात. लेबल मिळालं तर एक व्यापारी पूर्ण बाग उचलणार होता, नाहीतर माल नेहमीसारखा मंडीतल्या ढिगात जायचा. एवढं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं आणि वही आणून माझ्यापुढे ठेवली.

वही पाहून मी चाटच पडलो. दर आठवड्याला वीस झाडं, प्रत्येकाच्या चार फांद्या, कोवळ्या फुटीचा रस पिणारी सायला किती, ढालकिडे किती, सगळं लिहिलेलं. माझे विद्यार्थी हेच आकडे वसतिगृहात बसून पाडायचे आणि मी डोळे झाकून सह्या करायचो. एका पानावर मात्र लाल शाई होती. सायला मर्यादेबाहेर गेली, ढालकिडे पुरेनात, पूर्वेकडच्या ओळींवर एकदा औषध मारलं.

फळात औषधाचा अंश उरलाय का हे तपासायला नमुना न्यायचा होता. मी विहिरीजवळच्या झाडाला हात घातला, तर त्यांनी अडवलं. "ते घरच्या खाण्याचं झाड हाये, सर. त्याच्यावर आमी कधीच काही मारत नाही. नमुना पूर्वेकडचा घ्या." आमच्याकडे बहुतेक बागांत असं एक झाड असतं, आणि तपासनीस आला की त्याला प्रेमानं त्याच झाडाखाली नेतात. या बाईंना ते सुचलंसुद्धा नाही.

नमुना स्वच्छ निघाला. पण फॉर्मवर प्रश्न होता, फवारणी केली का, हो किंवा नाही. हो म्हटलं की बाद. पाहून, मोजून एकदा मारलं, यासाठी रकाना नव्हता. मी समितीला सांगितलं की हेच तर आपण शिकवतो. मुद्दा रास्त आहे, अध्यक्ष म्हणाले, पण फॉर्म छापून झालेत. शेजारच्या बागेतही मीच गेलो होतो. तिथं वहीच नव्हती, म्हणून फवारणीची नोंद नव्हती, म्हणून त्यांना लेबल मिळालं. मी भांडायला हवं होतं. पण परीक्षकाची खुर्ची मला आवडायला लागली होती.

पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा अर्ज केला. मी वही मागितली. यंदा ठेवलीच नाही म्हणाल्या. सायला आली होती का? आली होती. मोजली नाही का, मी विचारलं.

"कायले मोजू, सर? मोजलं का लिवा लागते, अन् लिवलं का तुमी नापास करता. मंग शेजाऱ्याले इचारलं. तो म्हणे, दर पंधरा दिवसाले मारत राहा, तोडणीच्या महिनाभर आधी थांबा, नमुन्यात काही येत नाही. म्या तसंच केलं."

आवाजात तक्रार नव्हती. चुकलेला धडा नीट पाठ करून आल्यासारख्या त्या सांगत होत्या. तीस वर्षांत जे मी एकाही विद्यार्थ्याच्या गळी उतरवू शकलो नाही, ते या बाई आपल्या आपण करत होत्या, आणि मी ते एका वर्षात मोडून दाखवलं होतं. मला माझी शरम वाटली. खरं लिहून त्यांना दुसऱ्यांदा बाद करायची हिंमत मात्र झाली नाही. फवारणीच्या प्रश्नापुढे मी "नाही"वर खूण केली आणि खाली सही केली.

"यंदा पास ना, सर?" त्यांनी विचारलं.

पास, मी म्हणालो.