कानपिळीचा भाऊ

कॅनडात हॅलिफॅक्सहून बंदरापलीकडच्या डार्टमथला जाणाऱ्या फेरीबोटीवर दोर फेकणारा माणूस मूळचा मालवणचा, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक होतं. नाव मात्र सगळ्यांना ठाऊक होतं: राजन. शाळेची पोरं त्याला हाक मारत उतरायची. व्हीलचेअरवाल्या म्हाताऱ्या बाई त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला ब्रेकला हात लावू द्यायच्या नाहीत. तो इकडे आला होता अकाउंटिंगचा डिप्लोमा करायला. तो त्याने केलाही, पण ऑफिसात त्याचं मन रमेना. "पाणी दिसला नाय तर माका झोप येत नाय," असं सांगून तो बोटीवर लागला आणि तिथलाच झाला.

तो डार्टमथला घरमालकीण अरुणाकाकूंच्या बेसमेंटमध्ये राही. वरच्या खोलीत ऊर्मी राही. ती पुण्याहून साहित्यात पीएचडी करायला आली होती. बर्फ पडला की ऊर्मी उठायच्या आत दारापासून बस स्टॉपपर्यंतची वाट फावड्याने मोकळी केलेली असे. पहिल्या थंडीआधी तिच्या जुन्या गाडीला विंटर टायर लागलेले असत. रात्री लायब्ररीतून उशिरा यायची झाली, तर शेवटच्या फेरीवर राजनची ड्युटी हटकून असे. तिने कधी काही मागितलं नाही. नको, असंही कधी म्हणाली नाही.

एका रविवारी तो तिला डार्टमथमध्येच धक्क्याजवळ एक भाड्याचं घर दाखवायला घेऊन गेला. दोनच खोल्या, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदर दिसत होतं. "हय तुझी पुस्तकां मावतली काय गो?" त्याने भिंतीकडे बघत विचारलं. कान लाल झाले होते त्याचे. ऊर्मीला सगळं कळलं. "छान आहे घर," ती म्हणाली, "ओळखीत कुणाला हवं असेल तर सांगते." परतताना ती हवेबद्दल बोलत राहिली.

उन्हाळ्यात तिचं शंतनुशी ठरलं. तो कॅल्गरीत इंजिनिअर होता. लग्नानंतर इकडे येऊन घरूनच काम करणार होता. लग्न इथल्याच कम्युनिटी हॉलमध्ये होतं. आठवडाभर आधी ऊर्मीच्या भावाचा, नंदनचा, व्हिसा नाकारला गेला.

"मग कानपिळी कोण करणार?" अरुणाकाकू म्हणाल्या. "आपला राजन आहे की! भावासारखाच आहे."

काकूंना काही माहीत नव्हतं. ऊर्मीला माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर तो विषय तिथेच संपला असता. पण राजन भाऊ झाला म्हणजे तो असाच जवळ राहील, आणि कुणाला काही बोलताही येणार नाही, हे क्षणभर तिच्या मनात आलं. ती म्हणाली, "चालेल की."

राजनने उसना फेटा बांधला. जाड दोर ओढणारी ती बोटं शंतनुच्या कानाला जेमतेम लागली.

"अरे, पीळ की जोरात!" काकू ओरडल्या. "उद्या बायकोला त्रास दिला तर?"

"एवढंच?" शंतनु हसला. "साले साहेब, स्वस्तात सुटलो मी!"

सगळे हसले. राजनही हसला. त्यानंतर दर भाऊबीजेला ऊर्मी डार्टमथमधल्याच आपल्या नव्या घरून तबक घेऊन काकूंच्या बेसमेंटमध्ये जाऊ लागली.

यंदा भाऊबीजेच्या दिवशी सकाळी तिचा हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात तास होता. शिकवायला होती एक जुनी जर्मन कादंबरी, सगळी पत्रांतली. दुसऱ्याच्या होणाऱ्या बायकोवर जीव लावून एक तरुण हळूहळू स्वतःला संपवत नेतो. मागच्या बाकावरचा हूडीतला मुलगा म्हणाला, "तिला ठाऊक होतं. तो अवतीभवती असणं तिला आवडायचं, एवढंच." ऊर्मीने घाईने पुस्तकं आवरली. तास लवकर सोडला.

संध्याकाळी काकूंनी दार उघडलं. "बरं झालं आलीस. राजन चार दिवस कामावर गेलेला नाही. सर्दी म्हणतो. जेवण ठेवते दाराशी, तसंच राहतं बघ."

खाली दिवा नव्हता. राजन जाकीट घालूनच पलंगावर पडला होता. दाढी वाढलेली. टेबलावर मात्र चकचकीत कागदात बांधलेली भेट होती, तिच्यासाठी.

"इलंस?" तो भिंतीला धरून उठला आणि दरवर्षीसारखा स्टुलावर येऊन बसला. "ओवाळ आणि जा गो लवकर. माका बसवत नाय."

ऊर्मीने तबक खाली ठेवलं. काडेपेटी हातातच राहिली.

"काय झाला? आजारी भावाक ओवाळत नाय काय?"

"तू माझा भाऊ नाहीस, राजन."

त्याने तबकातली सुपारी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. "ता माका म्हायत होता," तो म्हणाला. "माका वाटला, तुकाच म्हायत नाय. म्हणून तर तुझो राग येय नाय कधी." मग मान वर करून म्हणाला, "तुका म्हायत होता?"

"हो."

"कान पिळलंय तेव्हा पण?"

"तेव्हाही."

तो रडला नाही. उठून पुन्हा पलंगावर आडवा झाला, तोंड भिंतीकडे. "मगे जा आता," तो म्हणाला. "सकाळी उठाचा कशाक, ताच कळत नाय हल्ली."

मन घट्ट करून तिने विचारलं, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का तुझ्या?"

त्याने जाकिटाची कॉलर तोंडावर ओढून घेतली. तेच उत्तर होतं.

तिला तिथेच बसून राहावंसं वाटलं. त्याच्या कपाळावर हात ठेवावासा वाटला. पण आजवर प्रत्येक वेळी तिने हेच केलं होतं: स्वतःला बरं वाटावं म्हणून त्याला जवळ ठेवलं होतं. तिने जिन्यावरून हाक मारली, "काकू, खाली या. आज त्याला एकटं ठेवायचं नाही. डॉक्टरला फोन मी लावते."

काकू पेज घेऊन उतरल्या. "आणि तू कुठे निघालीस? तुझा लाडका भाऊ ना तो?"

"म्हणूनच निघाले," ऊर्मी म्हणाली. "तुम्ही बसा त्याच्यापाशी. माझ्या बसण्याने तो बरा होणार नाही."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "कानपिळीचं मीच सुचवलं होतं ना."

हो म्हणणं सोपं होतं. "तुम्ही फक्त सुचवलंत," ऊर्मी म्हणाली. "'चालेल' मी म्हणाले."

काकू आणि फेरीवरची माणसं पाळीपाळीने त्याच्यासोबत राहिली. डॉक्टरांची औषधं सुरू झाली. बर्फ पडायला लागल्यावर काकूंचा फोन आला: राजन कामावर रुजू झाला, व्हीलचेअरवाल्या बाईंनी त्याला मिठीच मारली.

ऊर्मी आता विद्यापीठात बंदरावरच्या पुलावरून बसने जाते. उशीर होतो. शंतनु म्हणतो, "फेरी सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला?" ती म्हणते, बसमध्ये वाचन होतं. पण पूल आला की तिचं पुस्तक मिटतं. खाली फेरी धक्क्याकडे सरकत असते. डेकवर कुणीतरी दोर घेऊन उभा असतो. तो कोण, हे इतक्या वरून ओळखू येत नाही, आणि ती उठून खिडकीपाशी जात नाही.