न उघडलेली तीन पुस्तकं

खळमावशीला राग येतच नाही, असं कॉलेजच्या ग्रंथालयात सगळे म्हणत. सव्वीस वर्षं ती मागच्या लांबट खोलीत फाटकी पुस्तकं बांधत होती. टेबलावर खळीचं भांडं, दाभण, मेण लावलेला दोरा, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र. नववीत शाळा सुटली, वडिलांच्या हाताखाली बांधणी शिकली, आणि जे पुस्तक शिवायचं ते वाचायचंही, असा तिनं नेमच केला. "पान उलटावं तर लागतंच, मग डोळे मिटून कशाला उलटू?" असं ती नणंदेला सांगायची. नवरा गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. भाजी चिरता चिरता वहिनीकडून गोष्ट ऐकायची, हा नणंदेचा हक्क होता.

दर उन्हाळ्यात कॉलेज नव्यानं येणाऱ्या मुलांसाठी एक पुस्तक ठरवायचं. सुट्टीत सगळ्यांनी ते वाचायचं आणि पहिल्या दिवशी सभागृहात त्यावर चर्चा. त्या वर्षी विभागप्रमुखांनी पूल बांधणाऱ्या मजुरांवरची चारशे पानी कादंबरी निवडली. प्रती चाळीस आणि मुलं दोनशे. त्यात छापखान्याचा घोळ असा, की प्रत्येक प्रतीत एकशे साठच्या पुढची चार पानं कडेला कापायचीच राहिली होती. तिथवर पोचलेलं प्रत्येक पोर मावशीच्या दारात हजर. "मावशी, पुढचं वाचता येत नाही, कापून द्या ना!"

ती सुरीनं पानं सोडवायची. एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन पुस्तकं खिळखिळी झाली की संध्याकाळपर्यंत शिवूनही द्यायची, कारण बाहेर बाकावर पुढचं कोणी ताटकळत असायचं. एक मुलगी तर लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून थेट इकडे यायची. सबंध कादंबरी तिनं दोनदा वाचली.

"मावशी, पूल पुरा झाल्यावर तो मुकादम परत का येत नाही हो?"

"मलाही नाही उमगलं गं. पहिल्या दिवशी सरांनाच विचार."

चर्चेच्या दिवशी सकाळी शिपायानं तीन प्रती आणून टेबलावर टाकल्या. व्यासपीठावर बसणाऱ्या तिघा प्राध्यापकांकडे त्या दोन महिने होत्या. मावशीनं सवयीनं एकेक हातात घेतली. तिन्हींची ती चार पानं जशीच्या तशी जोडलेली. त्या तिनं बाजूला ठेवल्या. उरलेल्या प्रती गोळा करायला सभागृहात गेली आणि मागे उभी राहिली.

विभागप्रमुख रंगात आले होते. "तुमची पिढी वाचतच नाही! कुठला तरी सारांश चाळायचा आणि यायचं."

लाँड्रीतली मुलगी उभी राहिली. चाचरतच तिनं मुकादमाचं विचारलं.

"बसा," सर हसत म्हणाले. "सारांशावर भागवलं की असले प्रश्न पडतात."

सभागृह खो खो हसलं. मुलगी खाली बसली, कानापर्यंत लाल झालेली.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक खोलीत गेली, तिन्ही प्रती उचलल्या आणि भर सभेतून चालत व्यासपीठापाशी आली.

"साहेब, हिच्या हातातलं पुस्तक मी दोनदा शिवलंय. ही तीन तुमच्याकडची. जरा एकशे बासष्टावं पान उघडून दाखवा."

"मावशी, तुमचं काम तुमच्या खोलीत."

"तिथलंच काम घेऊन आलेय. उघडा ना."

सरांनी पुस्तक उघडलं, बोट घालून बघितलं. पान सुटेना. शेजारचे दोघे छताकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांची चिठ्ठी आली: शिस्तभंग झाला आहे, तीन दिवसांत लेखी माफी मागावी.

"लिहून टाक ना दोन ओळी," नणंद काकुळतीला आली. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, वहिनी."

"कशाची माफी? त्या पोरीला खोटं ठरवलं त्यांनी, आणि लिहून मी देऊ?"

तिनं उत्तर पाठवलं: 'तिन्ही प्रती माझ्या टेबलावर आहेत. कोणीही येऊन बघावं.' बघायला कोणी आलं नाही. चिठ्ठीचं पुढे काही झालं नाही, पण त्या मुलीची माफीही कोणी मागितली नाही. मावशीला सलत राहिलं ते तेवढंच.

मुलगी मात्र आठवडाभरानं पाच-सहा जणांना घेऊन खोलीत आली. कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून सगळे मुकादमावरून तावातावानं भांडले. खळ ढवळता ढवळता मावशीही भांडली.

पुढच्या उन्हाळ्यात नवं पुस्तक ठरलं आणि विभागप्रमुखांनी नेहमीप्रमाणे तीन प्रती मागवल्या.

"आधी मुलं," मावशी ग्रंथपालांना म्हणाली. "सरांचं नाव मुलांच्या प्रतीक्षायादीत घाला."

ग्रंथपालांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं नाव लिहिलं. नंबर एकशे सतरा.