फक्कीनं आखलेला चौक

हणमंतराव गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. चार महिन्यांपासून मी फलटणला मुलीकडे आहे. कार्ड आधी सांगलीच्या जुन्या पत्त्यावर गेलं आणि तिथून फिरत फिरत इथं आलं, तोवर त्यांचे दिवसही उरकले होते. असली कार्डं वाचून लगेच फाडायची असतात. मी ते दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. मुलगी रागावली तेव्हा फाडलं. बावन्न वर्षांचा माणूस, सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत संपला... माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आपल्याहून लहान माणसं अशी निघून जायला लागली की राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

सांगलीत मी हायस्कूलचा हेडमास्तर होतो आणि ते रस्त्यांच्या कचेरीत ओव्हरसीअर. गाव कुंडलजवळचं, घरी ऊस, थोरला भाऊ फौजेत. साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता शहरातल्या मोठ्या रस्त्याला ज्या चौकात छेदायचा, तिथं हंगामात उसाच्या बैलगाड्या, ट्रक, एसटी आणि सायकली यांचा नुसता गुंता होई. बैलगाड्यांसाठी चौकाच्या बाहेरून वेगळी वाट काढावी, असं हणमंतरावांनी मनावर घेतलं होतं. साहेब म्हणाले, किती वाहनं अडतात, किती वेळ अडतात, त्याचे आकडे द्या. पण म्हणाले ते ऐन वैशाखात. कारखाना बंद, गाड्या गावोगाव सोडलेल्या, आणि कागद तर पावसाआधी वर जायचा होता.

परदेशात म्हणे रस्त्यावर न जाता यंत्रातच वाहनं चालवून बघतात आणि त्यातून निघालेले आकडे खऱ्यासारखे वापरतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. "यंत्र कुठलं आनायचं, सर? मानसं हाईत की," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे शाळेचं मैदान मागितलं. सुट्टीच होती. चुन्याच्या फक्कीनं त्यांनी चौक मापात आखला. कारखान्याच्या काट्यावरच्या नोंदी आणि स्वतःची जुनी टिपणं यांवरून तासाला किती वाहनं येतात ते काढलं, तितक्या चिठ्ठ्या लिहून तांब्यात टाकल्या. चिठ्ठी निघेल ते वाहन निघणार. हलगीच्या एका ठोक्याला बैलगाडीनं एक पाऊल टाकायचं, सायकलनं दोन, ट्रकनं चार. कोण किती ठोके थांबलं ते चार कोपऱ्यांवर चार कारकून लिहून घेणार. आकडे खऱ्याच्या जवळ जायला गाडीवान तरी खरेच हवेत, असा त्यांचा हट्ट. म्हणून गावाकडून दहा गाडीवान आणले. ट्रक आणि एसटी व्हायला मग आम्ही मास्तर मंडळी उरलो. मला ट्रक दिला, तो माझ्या देहाकडे बघूनच दिला असावा.

दोन दिवस हे चाललं. उन्हात धोतर सावरत चार-चार पावलं टाकताना मला आधी लाज वाटली, मग मजा यायला लागली. हणमंतराव खाली मान घालून चिठ्ठ्या काढत होते आणि ठोके मोजत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मी चौकात शिरलो की गाडीवान थांबत. पाळी त्यांची असली तरी थांबत. धोंडिबा नावाचा एक वयस्क गाडीवान तर पटका सावरून बाजूला सरे आणि मला हातानं वाट दाखवी. हेडमास्तरापुढून कसं जायचं, एवढाच त्याचा विचार. काठोकाठ ऊस भरलेली गाडी अशी जागच्या जागी थांबत नाही, आणि रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला कुणी असा मानही देत नाही, हे मला कळत होतं. पण मिळणारा मान कुणाला नको असतो... मी आपला पुढे जात राहिलो.

आकडे निघाले ते फार सभ्य निघाले. ट्रक कुठं अडत नव्हते, गाड्या थोड्या थांबत होत्या, टक्कर एकही नव्हती. माझ्या खोलीत बसून हणमंतरावांनी ते तीनदा तपासले. मग विचारलं, "सर, चौक लयच शान्यावानी वागला. तुमी आत हुता, काय वायलं दिसलं का?" मी म्हणालो, "नाही बुवा." आपल्याला नको ते आकडे फेकून देणं त्यांना लबाडीचं वाटे. मैदानावर काढलेले असा वर उल्लेख करून त्यांनी ते जसेच्या तसे पाठवले. त्यावर शेरा पडला, वाहतूक विनाअडथळा, वेगळ्या वाटेची आवश्यकता नाही.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि पंधरवड्यातच त्या चौकात ट्रकनं उसाची गाडी उडवली. गाडीवान धोंडिबा होता. तो आणि एक बैल जागेवरच गेले. हणमंतराव त्याच्या मातीला गावी गेले आणि परत आले ते थेट माझ्याकडे. म्हणाले, "मैदानावर धोंडिबा थांबत हुता, सर," आणि माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना म्हणालो की तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ज्याची त्याची वेळ ठरलेली असते. सांगायला तेवढी एकच वेळ होती आणि ती मी सांत्वन करण्यात घालवली. त्या सांत्वनाची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर दर थंडीत ते आठ दिवसांची रजा काढत आणि पहाटेपासून चौकात उभं राहून खरी वाहनं मोजत. आकडे वर पाठवत. ते कुणी मागितलेले नसत, त्यामुळे उत्तरही येत नसे. कचेरीतले त्यांना चौकातला मारुती म्हणत. वाट अजून झालेली नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन आलो. शालनवहिनींनी खोलीतली एकुलती एक खुर्ची पुसून पुढे केली. मी काही ठरवून गेलो नव्हतो, पण चहा यायच्या आतच मैदानावर मला काय दिसलं होतं ते सगळं सांगून टाकलं. वहिनी चहा गाळता गाळता ऐकत होत्या.

"त्यास्नी ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "मातीला बाकीचे गाडीवान बोलले की, सर म्होरं आल्यावर आमी कसं जायाचं. तवाच उमगलं त्यास्नी. सरास्नी बी दिसलंच आसंल, म्हनायचे."

"मग इतक्या वर्षांत मला एकदाही विचारलं का नाही?"

"आवं, तुमास्नी कसं इचारायचं? तुमी सर."

मी खाली बघत होतो. भिंतीशी जुनी सतरंजी होती. मी त्यांच्याकडे आलो की हणमंतराव नेहमी तिथं बसत आणि मी या खुर्चीत. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मी उठलो आणि सतरंजीवर त्यांच्या जागी जाऊन बसलो. वहिनींना ते बघवेना. चहाची कपबशी हातात तशीच धरून त्या उभ्या राहिल्या.

"वर बसा, सर," त्या म्हणाल्या. "खाली नगा बसू."